सोहं करून मन निर्मळ होतं म्हणतात, माझं तर जास्तच गढूळ झालंय

रातांब्याची बाई | १२ एप्रिल

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. टायपिंग नातीने शिकवलंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

वय ६१. पावसहून पूर्णगडाकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत राहते. आमसुलं, आगळ, आंबापोळी करून विकते, रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं मुठेलही (घट्ट तेल) काढते. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला.

दीड वर्षापूर्वी ध्यानाला बसायला लागले. कुणाचं व्याख्यान वगैरे ऐकून नाही. पहाटे साडेतीनला झोप मोडायची आणि मग आढ्याचे वासे मोजत पडायचं. वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं, पडून राहण्यापेक्षा उठून बसा. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’. ओठ हलवायचे नाहीत, श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. तो चाललाय तसा चालू दे, आपण नुसतं ऐकायचं.

आमच्या भागात सोहं, म्हणजे ‘तो मीच’, हा शब्द काही नवा नाही. स्वामी स्वरूपानंदांनी पावसला जवळजवळ चाळीस वर्षं तेच केलं आणि तेच सांगितलं. लहानपणी आजी मला दर्शनाला न्यायची. मला आठवतं ते एवढंच, की तिथे कुणी मोठ्याने बोलत नसे आणि आजी परत येताना वाटभर गप्प असायची, एरवी तिचं तोंड मिटत नसे. १५ ऑगस्ट १९७४ ला मी शाळेतून झेंडावंदन करून, हातात खाऊची पुडी घेऊन घरी आले तर घराला कडी. शेजारीही कुणी नाही. सगळे पावसला गेले होते. स्वामींनी देह ठेवला होता.

असो. अडचण अशी आहे.

आमच्या सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. शेवटची चार वर्षं त्यांचं सगळं मी केलं, अंथरुणातलंसुद्धा. पाटल्या तुला, असं त्या दहादा म्हणाल्या होत्या, पण लिहून कोण ठेवतं? तेराव्याच्या संध्याकाळी धाकट्या जाऊबाईंनी कपाट उघडलं, पाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि मला म्हणाल्या, “वहिनी, तुम्हाला इथे चुलीपुढे कुठे मिरवायच्या आहेत?” दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडली. याला आता २७ वर्षं झाली. मी भांडले नाही. विसरले होते, अगदी शपथेवर सांगते.

आता रोज पहाटे बसले की दहा मिनिटांत त्या कपाटाचं दार करकरतं. हिरवं गोदरेजचं कपाट, वरच्या कप्प्यात अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद, सगळं दिसतं. सोहं कुठल्या कुठे जातं आणि मी जाऊबाईंना मनातल्या मनात अशी उत्तरं देते, की तुम्हाला वाचायलाही लाज वाटेल.

त्याहून वाईट पुढेच. मागच्या महिन्यात एकदा ध्यान फार सुरेख लागलं. तासभर कुठे गेला कळलं नाही. डोळे उघडले तर आतून कसं गार वाटत होतं. आणि पावणेआठला, मदतीला येणारी मुलगी अर्धा तास उशिरा आली म्हणून मी तिला “तुला कुठे कळायला वेळेची किंमत” पासून जे सुरू केलं, ते ती पडवीत बसून रडेपर्यंत. एसटीच आली नव्हती, तिचा काय दोष?

तर मला विचारायचंय, दीड वर्ष मी नक्की काय स्वच्छ केलं? चित्तशुद्धी झाल्याशिवाय आत्मसाक्षात्कार नाही म्हणतात. साक्षात्काराचं सोडा, माझी शुद्धीच उलटी चालली आहे का? बसणं बंद करू?

---

खाडीपलीकडचा | १२ एप्रिल

काकू, राग मानू नका. साडेतीनला झोप मोडते तर आधी शुगर आणि थायरॉईड बघून घ्या. माझ्या आईचं असंच होतं, चिडचिडसुद्धा. गोळी सुरू झाली आणि घरात शांतता आली, ध्यान न करता.

बाकी सोहंचं गणित मी शाळेत असताना ऐकलं होतं. दिवसाला २१,६०० श्वास, म्हणजे मिनिटाला १५. माझेही तेवढेच चालतात. मला कुठे साक्षात्कार झालाय.

---

रातांब्याची बाई | १२ एप्रिल

रत्नागिरीला सगळं तपासून झालं. थायरॉईड ठीक. शुगर काठावर आहे, आंब्याच्या दिवसांत ती कुणाची नसते? राग मानला नाही.

---

दापोलीचा निवृत्त | १३ एप्रिल

ताई, बंद करू नका.

मी वनखात्यातून निवृत्त झाल्यावर इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. पहाटे चारची घंटा, दिवसभर बसणं, बोलायचं नाही, फोन जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास, नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगातल्या संवेदना बघायला शिकवतात. पाचव्या दिवशी मी बॅग भरली होती.

कारण माझ्या जुन्या साहेबांनी माझा गोपनीय अहवाल खराब लिहिला होता, ते साहेब येऊन बसले. अगदी समोर. त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेनसुद्धा दिसत होतं. मी तिथल्या आचार्यांना सांगितलं की हे शांत होण्याऐवजी पेटलंय, मला जाऊ द्या. ते एवढंच म्हणाले, साहेबांना बघू नका, अंगात काय होतंय ते बघा. मी बघितलं तर जबडा असा आवळलेला की दाढा दुखत होत्या. मग दोन दिवस मी जबडाच बघितला. साहेब गेले नाहीत, पण बारीक झाले.

तिकडे याला साचलेले संस्कार वर येणं म्हणतात. वर आलेल्याला ढकलायचं नाही आणि खायलाही घालायचं नाही. तुम्ही मनात जी उत्तरं देता ना, ते खायला घालणं.

एक विचारू? पाटल्या आठवल्या की तुमच्या अंगात कुठे होतं?

(आमच्याकडे आत्मा वगैरे शब्द वापरत नाहीत. बुद्धांचं म्हणणं ‘अनात्म’, म्हणजे कायमचा असा ‘मी’ नाहीच, असं आहे. त्यामुळे साक्षात्काराबद्दल मी बोलत नाही.)

---

रातांब्याची बाई | १४ एप्रिल

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून आज पहाटे मुद्दाम बघितलं. घशात होतं. ते वाटलंच होतं. पण दुसरी जागा बघून मीच चरकले. डावं मनगट. पाटल्या जिथे असत्या तिथे, गोल, कुणी दोरी आवळल्यासारखं.

---

गुहागरची मास्तरीण | १५ एप्रिल

बाई, तुमचं मनगट वाचून मला आमच्या वर्गातल्या पोरांना सांगावंसं वाटलं की निबंध असा लिहितात. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे थोडी शाळा घेणार. चालवून घ्या.

तुमचा गोंधळ ‘शुद्धी’ या एका शब्दामुळे झालाय. आपल्याकडे वेदान्तात मनाचे दोष तीन धरतात: मळ, विक्षेप आणि आवरण. मळ म्हणजे रागद्वेष, हेवेदावे, जुनी उणीदुणी. विक्षेप म्हणजे मनाची धावाधाव. आवरण म्हणजे आपण मुळात कोण आहोत हेच झाकलेलं असणं. आणि तिघांना औषधं वेगळी. मळाला निष्काम कर्म, विक्षेपाला उपासना आणि ध्यान, आवरणाला ज्ञान.

तुम्ही दीड वर्ष घेतलं ते विक्षेपाचं औषध. ते लागू पडलंय, नाहीतर तासभर बसताच आलं नसतं. पण त्याने मळ आपोआप जाईल अशी तुम्ही समजूत करून घेतलीत, किंवा कुणी करून दिली. आमच्या गुहागरला ओहोटी लागली की खडक दिसायला लागतात. ते ओहोटीने आणलेले नसतात.

तुकोबांनी हेच सांगितलंय: ‘नाही निर्मळ जीवन, काय करील साबण.’ इथे ‘जीवन’ म्हणजे आयुष्य नव्हे हो, पाणी. पाणीच गढूळ असेल तर साबण चोळून काय उपयोग. पुढच्या ओळीत ते चित्तशुद्धीचंच नाव घेतात, ती नाही तर बोध काय करणार म्हणून. व्हॉट्सॅपवर ही ओळ ‘आयुष्य’ अशा अर्थाने फिरते तेव्हा माझा जीव जातो.

आता मळाचं काय करायचं? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या भागात, समाधिपादात, ३३ व्या सूत्रात, फार व्यवहारी उपाय दिलाय. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि जो वाईट वागतो त्याची उपेक्षा. ‘भावनातः चित्तप्रसादनम्’. अशी भावना करत गेलं की चित्त निवळतं. उपेक्षा म्हणजे तुच्छ लेखणं नव्हे, त्याच्या वागण्याचा हिशेब आपण न ठेवणं.

गंमत अशी की आपण माणसाला चुकीच्या खणात टाकून बसतो. तुमच्या जाऊबाई २७ वर्षं ‘पापी’च्या खणात आहेत. त्या खरंच आज तिथेच आहेत का? की सुखी आहेत? की दुःखी? तुम्हाला माहीत तरी आहे का?

आणि साक्षात्काराचं विचारलंत म्हणून. शंकराचार्यांचं म्हणणं असं की आत्मा काही बनवायचा नाही, मिळवायचा नाही, तो आहेच. शुद्धी लागते ती मनाला, ‘आहे’ ते दिसावं म्हणून. कर्माने मन शुद्ध होतं, वस्तू हाती येत नाही, असं ते स्वच्छ सांगतात. तेव्हा शुद्धी हीच पोचपावती समजू नका आणि शुद्धी राहून गेली म्हणून घाबरूही नका. दापोलीच्या भाऊंच्या अनात्माशी माझं इथे भांडण नाही. तो वाद फार जुना आहे, आपल्या धाग्यावर मिटणार नाही.

---

देवगडचा वैद्य | १५ एप्रिल

मास्तरीणबाईंच्या ‘भावना’ शब्दावर माझी एक पुरवणी.

हल्ली भावना म्हटलं की लोकांना रडणं-हसणं आठवतं. आमच्या औषधीशास्त्रात भावना ही कृती आहे. चूर्ण घ्यायचं, त्यात रस घालून खलात घोटायचं, रस जिरला की वाळवायचं. ही एक भावना. मग पुन्हा रस, पुन्हा घोटणं, पुन्हा वाळवणं. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात, काही जण एकवीससुद्धा. एका भावनेने काही होत नाही. वजनही वाढत नाही आणि रंगही फारसा बदलत नाही. पण शेवटी जे हातात येतं ते पहिलं चूर्ण नसतं.

त्यामुळे सूत्रात ‘भावनातः’ वाचलं की मला खल दिसतो, भावुक चेहरा नाही.

आणि बाई, गृहस्थाला साक्षात्कार होतो का ही शंका सोडा. निसर्गदत्त महाराज मूळ आमच्या जिल्ह्यातल्या कांदळगावचे. मुंबईत खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान चालवायचे, बायको-मुलं होती. त्यांच्या गुरूंनी ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहायला सांगितलं, ते त्यांनी धरून ठेवलं. दुकानावर बसून.

---

खाडीपलीकडचा | १५ एप्रिल

वैद्यबुवा, म्हणजे काकूंनी जाऊबाईंना खलात घालून घोटायचं? हे मला पटतंय.

---

रातांब्याची बाई | १६ एप्रिल

खाडीपलीकडच्या, तू कुणाचा रे? आईला सांगते थांब.

वैद्यबुवा, तुमचा खल वाचून मी एकटीच हसले. अहो, मी दुसरं काय करते? रातांबा फोडला की बिया आणि गर एकीकडे, सालं एकीकडे. गरात मीठ घातलं की रस सुटतो, लालभडक. सालं संध्याकाळी त्या रसात बुडवायची, सकाळी काढून उन्हात पसरायची. पुन्हा संध्याकाळी रसात. त्याच फळाचा रस, बाहेरचं काही नाही. आमच्यात याला पुट देणं म्हणतात. सासूबाई सात पुटं द्यायला लावायच्या, मी पाच देते. हल्ली बाजारात एका पुटाचंही मिळतं, दिसायला काळं, पण आमटीत टाकलं की नुसता चोथा.

पहिल्या पुटाला साल अगदी केविलवाणं दिसतं. फिकट आणि वेडंवाकडं. नवीन बाई कामाला आली की हमखास विचारते, काकू, हे बिघडलं का?

जाऊबाई सुखी की दुःखी, हे मला खरंच माहीत नाही. लग्नकार्यात भेटतो तेव्हा साड्यांबद्दल बोलतो. आता रातांब्यांची घाई सुरू होईल, लिहायला जमलं तर लिहीन.

---

दापोलीचा निवृत्त | १७ एप्रिल

एकच सांगतो ताई, दोन्ही पद्धती एकाच बैठकीत कालवू नका. आधी तुमचं सोहं पुरं करा, मग हे.

---

गुहागरची मास्तरीण | १७ एप्रिल

भाऊंशी सहमत. आणि सूत्रकारांनी अभ्यासाला तीन अटी घातल्यात: दीर्घकाळ, खंड न पडता, आणि ‘सत्कार’ म्हणजे आदराने, प्रेमाने. पहिल्या दोन सगळ्यांना पाठ असतात, तिसरी विसरतात आणि स्वतःलाच झोडपत बसतात. तुम्हीही तेच करताय असं तुमच्या पहिल्या पोस्टवरून वाटलं.

---

रातांब्याची बाई | १४ मे

महिना झाला. हात अजून लाल आहेत, चार वेळा साबण लावला तरी फोनच्या काचेवर बोटं उमटतायत.

सांगितलंत तसं करतेय. सोहं अर्धा तास, नंतर दहा मिनिटं जाऊबाई. पहिले आठ-दहा दिवस कपाटच. मी भावना म्हणून ‘त्या सुखी असोत’ म्हणायची आणि आतून आवाज यायचा, असणारच, माझ्या पाटल्या घालून. लबाडी वाटायची. तरी म्हणत राहिले. पहिलं पुट असं समजले.

मग एका पहाटे कपाट आलंच नाही. चूल आली. जाऊबाई लग्न होऊन पहिल्यांदा गणपतीला आल्या होत्या तेव्हाची. गिरगावातली पोर, गॅसवर वाढलेली. पावसात भिजलेली लाकडं, फुंकणी उलटी धरलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि सासूबाई मागे उभ्या राहून म्हणतायत, “तुला गो कुठे चूल पेटवता यायला.” सगळ्या पाहुण्यांच्या देखत. मी तिथेच खोबरं खवत होते. मला आत बरं वाटलं होतं, की चला, आता एकटीच बोलणी खाणारी मी नाही.

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

त्यानंतर मनगटाचं आवळणं कमी झालंय. गेलं नाही, कमी झालंय. पण ‘कुठे’ हा शब्द कानातून जाईना. तुला कुठे यायला. तुम्हाला कुठे मिरवायच्या. आणि तिसऱ्या दिवशी सालं पसरता पसरता आठवलं की पडवीत मी त्या मुलीला काय म्हटलं होतं. तुम्ही वर जाऊन वाचा, मीच लिहिलंय.

तेव्हा हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, “त्या दिवशी तुला बोलले ना, माझं चुकलं.” ती सालं उलटत होती. मान वर न करताच म्हणाली, “कोणत्या दिवशी?”

मास्तरीणबाई, तुमचा मळ म्हणजे काय ते मला तिथे ताडपत्रीवर कळलं.

त्यानंतर काही मोठा बदल झालाय असं नाही. परवा तिच्या हातून आगळाची बरणी निसटली तेव्हा ‘तुला कुठे’ दातांपर्यंत आलं होतं. श्वास आत घेतला, सो झालं, बाहेर सोडताना हं म्हटलं, आणि मग फडकं आण म्हटलं. एवढंच. तेवढ्यापुरतं ध्यान कामाला आलं असं म्हणता येईल. बसून दीड वर्षात जे झालं नाही ते उभ्याने एका श्वासात.

साक्षात्काराचं मला काही सांगता येणार नाही. फक्त एकदा, गेल्या आठवड्यात, जाऊबाई, सासूबाई, ती मुलगी आणि खोबरं खवणारी मी, सगळ्या एकदम समोर आल्या आणि ज्याला हे सगळं दिसत होतं त्याला कुणाचाच राग नव्हता. मिनिटभर असेल. मग कोंबडा आरवला.

---

देवगडचा वैद्य | १४ मे

बाई, ते मिनिट पुन्हा मिळवायला जाऊ नका. पुन्हा येईल तेव्हा येईल.

---

गुहागरची मास्तरीण | १४ मे

मी दोनदा वाचलं. जाऊबाईंना फोन केलात का?

---

रातांब्याची बाई | १५ मे

नाही. नंबर नातीकडून घेऊन ठेवलाय, देवाच्या फळीवर कागद आहे. दीर वारल्यावर बोरिवलीला एकट्याच असतात आणि जिना उतरता येत नाही, एवढं कळलं. खण बदलला. पण फोन केला की पहिलं वाक्य काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, आणि पाटल्यांबद्दल मी बोलणार नाही याची मला अजून खात्री नाही.

---

खाडीपलीकडचा | १५ मे

काकू, आई विचारतेय, आमसुलं विकायला काढलीत का? दोन किलो हवीत. किलोचा भाव काय?

---

रातांब्याची बाई | १५ मे

आईला म्हणावं, तिसरं पुट चालू आहे. काल दुपारपासून पूर्णगडाच्या बाजूला ढग धरलाय, आज सालं दोनदा आत-बाहेर केली. भाव नंतर सांगते, अजून दोन बाकी आहेत.